घरचा पंच चालत न्हाय

यशवंत कांबळे माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते मला खोटं पाडण्यासाठी.

आम्ही फुलेवाडीच्या पुढच्या कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो. खोकी अजून फोडायची होती, पण दारातल्या जास्वंदीवर एक फुलपाखरू बसलेलं दिसलं आणि मी सगळं सोडून मोबाईलवर त्याचा फोटो काढला. पाकळ्यांवर टपोरे दवबिंदू, त्यांत ऊन, मधोमध फुलपाखरू. कॉलनीच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर पटापट अंगठे आले. संध्याकाळी मधल्या भिंतीपलीकडे एक उंच, शिडशिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. नाव नाही, गाव नाही, नव्या माणसाला सगळेच विचारतात ते 'सामान लागलं का' सुद्धा नाही. फोटो किती वाजता काढला, एवढंच विचारलं. मी सांगितलं, अकराच्या सुमाराला.

"अकराला कोल्हापुरात दव कुठलं, बाई? पाणी मारलंय तुमी."

मारलं होतं. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीनं. मी पंचवीस वर्षं दहावीच्या वर्गावर कॉप्या पकडत आले आहे. पोरांच्या बाहीच्या आत काय आहे ते मला लांबून कळतं. स्वतः पकडली जाण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला ती मुळीच आवडली नाही. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस बरा दिसत नाही. आपण कोण हे माहीत नसताना त्यानं मला 'बाई' म्हटलं, म्हणजे मी शिक्षिका आहे हे त्यानं ट्रकमधून उतरलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवरून आधीच ताडलंय. नवरा म्हणाला, तू तरी दुसरं काय करतेस?

अण्णा जाऊन आता दोन वर्षं होत आली. सगळी कॉलनी यशवंत कांबळ्यांना अण्णाच म्हणायची. त्यांच्याविषयी मला पहिल्या दिवशी वाटला तो संशय हळूहळू गेला, पण जाता जाता त्यांची संशय घ्यायची रीत मला चिकटवून गेला. तशी ती माझ्यात आधीपासून होतीच. अण्णांनी तिला शिस्त लावली.

ते नोकरीभर एका दूध संघात तपासनीस होते. पहाटे गावोगावच्या दूध संस्थेत न कळवता जाऊन थडकायचं, कॅन उघडायला लावायचे, दुधात पाणी आहे का ते बघायचं. पाणी कुणालाही ओळखता येतं, असं ते म्हणत. पाणी घालून वर ते लपवायला साखर घातलेली असते, खरी परीक्षा तिथं असते. त्यासाठी यंत्राच्या आधी माणूस बघायचा. ज्याच्या दुधात काही नसतं तो लांब उभा राहून तंबाखू मळत असतो. ज्याच्या दुधात काही असतं तो लगेच चहा मागवतो. या अनुभवाचा परिणाम असा झाला होता की अण्णांना कुणी चहा देऊ केला की ते सावध होत. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी कप पुढं केला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय काम हाय?"

निवृत्त झाल्यावर तपासायला दूध उरलं नाही. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. अशा वेळी माणसं देवाला लागतात नाहीतर राजकारणाला. अण्णा फुलपाखरांना लागले. त्यांच्या घराभोवती जेमतेम गुंठाभर मोकळी जागा होती. तिथं त्यांनी गुलाब-शेवंती काढून अशी झाडं लावली की येणारा-जाणारा म्हणायचा, बागेला कुणी वाली नाही वाटतं. रुई, पानफुटी, घाणेरी, कढीपत्ता, लिंबू. आता कुठलं फुलपाखरू कुठल्या पानावर अंडी घालतं हे त्यांना पाठ होतं, आणि पानं खाऊन चाळण झाली की त्यांना आनंद व्हायचा. त्यांच्याकडे लांब नळीचा एक सेकंडहँड कॅमेरा होता. ती नळी भिंतीवरून वर आली की समोरच्या घरातल्या बायका दोरीवरचे कपडे काढून आत न्यायच्या. अण्णांना हे कळल्यावर त्यांनी भिंतीकडे पाठ करून, बागेकडे तोंड करून बसायला एक स्टूल सिमेंटनं कायमचं रोवून टाकलं. संशयाला जागा ठेवायची नाही, हे त्यांचं तत्त्व स्वतःलाही लागू होतं.

या बागेत कोणकोणती फुलपाखरं येतात याची नोंद ते ठेवत. त्यासाठी लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर होतं आणि त्याचे नियम सरकारी गॅझेटसारखे होते. फुलपाखरू आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, आलेलं पाहिजे. बागेच्या चार भिंतींच्या आत दिसलं पाहिजे. हात लावायचा नाही, साखरपाणी ठेवून बोलवायचं नाही. फोटोच्या कोपऱ्यात त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचा तुकडा दिसला पाहिजे, कारण कॅमेऱ्यातली तारीख बदलता येते, पेपरातली येत नाही. या पेपरच्या नियमामुळे त्यांचे फोटो दिसायला भयंकर असत. इतकं नाजूक, निळं झळाळतं फुलपाखरू, आणि त्याच्या शेजारी गुळाचे भाव. एकदा एक फुलपाखरू थेट पेपरावरच येऊन बसलं, तेही निधनवार्तांच्या पानावर. तो फोटो त्यांना आपला सर्वोत्तम वाटायचा. सगळ्यात निर्दोष, म्हणायचे.

आणि शेवटची अट पंचांची. बागेत नवीन जातीचं फुलपाखरू दिसलं की त्याची नोंद दोन पंचांच्या सहीशिवाय व्हायची नाही. दुधाचा नमुना सील करताना पंच लागतात, तसेच इथं. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस दारात उभा होता आणि आत चाफ्याच्या फांदीवर हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू बसलं होतं. त्याच्या पंखांवर खरंच कुणी हळद आणि कुंकवाची बोटं उमटवल्यासारखे ठिपके असतात. अण्णा म्हणाले, "पावणं, टाकी ठेवा तितंच. आवाज न करता हिकडं या." पावणं आले, त्यांनी पाहिलं. मग रजिस्टर पुढं आल्यावर मात्र ते दोन पावलं मागं सरले. सही कशावर घेताय, जमिनीचं काही नाही ना, असं तीनदा विचारून मगच त्यांनी सही केली. अण्णांना त्या माणसाविषयी कायम आदर वाटत राहिला. वाचल्याशिवाय सही न करणारी माणसं आता राहिली नाहीत, असं ते म्हणत.

दुसरी सही बहुतेक वेळा माझी असायची. भिंतीपलीकडून "बाई, पंच" अशी हाक आली की हातातलं टाकून जायचं. जाऊन नुसती सही करून भागत नसे. काय पाहिलं ते सांगावं लागे. बहुरूपी नावाचं एक काळं फुलपाखरू आहे. त्याची मादी दुसऱ्या एका विषारी फुलपाखराचं सोंग घेते, पंखांवरची नक्षी अशी हुबेहूब की पक्षी फसतात आणि खायला धजत नाहीत. मीही फसले. अण्णांनी सही करू दिली नाही. पंख बघू नका, अंग बघा, म्हणाले. खऱ्याचं अंग तांबडं असतं, सोंगाचं काळं. तेव्हापासून मी कुणालाही भेटले की आधी त्याचं अंग कुठल्या रंगाचं असेल याचा विचार करते. ही सवय चांगली नाही. पण शाळेत फार उपयोगी पडते.

एका वर्षी कॉलनीच्या गणपतीत निसर्ग छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. पहिला नंबर मागच्या गल्लीतल्या एका दातांच्या डॉक्टरांना मिळाला. केशरी झेंडूवर निळं फुलपाखरू, एकेक खवला मोजता येईल इतकं स्पष्ट. अण्णा त्या फोटोपुढं नाक टेकवून पाच मिनिटं उभे राहिले आणि मग, आरतीला जमलेल्या गर्दीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ह्ये फ्रिजमधलं हाय." फुलपाखरू डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं की गारठून हलत नाही, मग हवं तिथं ठेवून फोटो काढता येतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर चिडले, पुरावा मागू लागले. अण्णांनी बोट दाखवलं: फुलपाखराच्या पायांनी फूल धरलेलं नाही, त्याला नुसतं वर ठेवलंय. डॉक्टरांनी बक्षीस परत केलं नाही, पण पुढच्या वर्षी भागही घेतला नाही. अण्णांना जिंकल्याचा आनंद झाला नाही. वाईट वाटलं ते त्या फुलपाखराचं. जाताना मला म्हणाले, आता तर मुळात नसलेलं फुलपाखरूसुद्धा कॉम्प्युटर काढून देतो म्हणे, आपण कुठकुठं पुरे पडणार?

आता इंदूकाकींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं अर्धं राहील. इंदूकाकी म्हणजे अण्णांची बायको. ठेंगण्या, गोल, कपाळाला आठी आणि तोंडात सदा काहीतरी बारीक गुणगुण. अण्णा स्टुलावर बसून बाग बघायचे. काकी बागेतच असायच्या. धुण्याचा दगड बागेत, भांडी घासायची जागा बागेत, लसूण सोलायला पायरीवर. फुलपाखरांची शास्त्रातली नावं त्यांना येत नव्हती. त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक 'काठपदराची', एक 'जळकी', एक 'तालमीतली', कारण ती सारखी दुसऱ्यांच्या अंगावर धावून जायची. "अवं, ती काठपदराची आलीया बघा," अशी त्यांची हाक यायची. अण्णा चष्मा, कॅमेरा, पेपर घेऊन पोचेपर्यंत कधी ती सापडायची, कधी गेलेली असायची. गेलेली असली की नोंद नाही.

मी एकदा म्हटलं, काकींनी पाहिलं ना, मग एका पंचाच्या जागी त्यांची सही घ्या.

"घरचा पंच चालत न्हाय," अण्णा म्हणाले. दुधाच्या नमुन्यालाही नात्यातला पंच चालत नसे. काकी शेजारी भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण गुणगुण थांबली, एवढं मला आठवतं.

अण्णांना आयुष्यात एकच फुलपाखरू हवं होतं. बर्डविंग. सह्याद्रीतलं सर्वांत मोठं फुलपाखरू, पुढचे पंख काळे, मागचे पिवळेजर्द. ते राधानगरीच्या जंगलाकडं दिसतं. शहरात दिसत नाही. पण ते ज्या वेलीवर अंडी घालतं ती ईश्वरीची वेल अण्णांनी मागच्या भिंतीवर दहा वर्षं जोपासली होती. फुलपाखरांच्या ग्रुपवरचे लोक हसायचे. अण्णा म्हणायचे, पान हाय तर खाणारं येईल. दर वर्षी पावसाळा संपला की ते त्या वेलीसमोर बसून राहत. ग्रुपवर कुणी आपल्या गॅलरीत बर्डविंग आल्याचा फोटो टाकला की सगळ्यात आधी तो खोटा आहे हे सिद्ध करायचे, आणि मग दिवसभर गप्प असायचे.

दसऱ्यानंतरचा एक शनिवार होता. अण्णा पेठ वडगावला भाच्याकडं बारशाला गेले होते. काकींचा गुडघा धरला होता म्हणून त्या घरीच राहिल्या. मी सकाळची शाळा करून दुपारी आले तर काकी भिंतीपाशी माझी वाट बघत उभ्या. तोंड लाल झालेलं. हातात मोबाईल. म्हणाल्या, आली होती. चिमणीएवढी. मागचे पंख हळदीत बुडवून काढल्यागत. ईश्वरीच्या वेलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टेकली नाही, आणि तुमच्या छपरावरनं पार गेली. फोन स्वयंपाकघरात, हाताला साबण. तरी त्यांनी तशाच गुडघ्यानं धावत जाऊन फोन आणला आणि एक फोटो मिळवला होता.

मी फोटो पाहिला. एक पिवळा फराटा, त्याला लागून काहीतरी काळं, मागं भिंत. काकी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्या क्षणी मला 'वा!' म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांची पंच मी; मी म्हटलं, काकी, हे कर्दळीचं पिकलेलं पान तर नसेल?

काकींनी मोबाईल परत घेतला आणि त्या आत गेल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा काकींनी मला बोलावून घेतलं. तुम्ही असला तर ते नीट ऐकतील, असं त्यांना वाटलं असावं. अण्णांनी चप्पल काढायच्या आधी फोटो पाहिला. मग खुर्ची ओढून बसले आणि विचारायला लागले. कुठल्या बाजूनं आली? किती उंचीवर होती? पंख फडफडवत होती की तरंगत? वेलीला शिवली का? वेळ कशावरून सांगतेस, घड्याळ बघितलंस का? काकी एकेकाचं उत्तर देत गेल्या. प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचा आवाज खाली गेला. एखाद्या संस्थेच्या सेक्रेटरीला अण्णा कसं उभं करत असतील ते मला त्या दिवशी कळलं. मी मधे बोलले नाही. शेवटी त्यांनी विचारलं, ग्रुपवर बर्डविंगचा फोटो आला होता तो तू आधी बघितला होतास ना? मनात असलं की डोळ्याला दिसतं.

काकी उठल्या. "चाळीस वर्सं झाली तुमच्या घरात हाय," त्या म्हणाल्या. "मी कवा खोटं बोलले तेवढं सांगा."

"प्रश्न तुझा न्हाय, इंदू. नियमाचा हाय."

"मग नियमासंगटच जेवा आज."

आणि त्यांनी अण्णांसमोर तो फोटो मोबाईलमधून काढून टाकला. अण्णांच्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं. पुरावा, कितीही कच्चा असला तरी, कुणी असा नष्ट केलेला त्यांना बघवत नसे. मला मात्र त्या वेळी काकींचाच राग आला. खरा असता तर काढून टाकला असता का, असं माझ्या मनात आलं, आणि ते मी घरी जाऊन नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

काकींनी बाग सोडली. धुणं मशीनला गेलं, भांडी आत मोरीत, लसूण टीव्हीपुढं. रोजचं बोलणं चालू होतं, जेवण वेळेवर होतं, पण "अवं, बघा" ही हाक बंद झाली. अण्णा स्टुलावर बसून असायचे. पंधरा दिवस गेले, महिना गेला. हंगाम ऐन भरात होता आणि रजिस्टरात एकही नवीन नोंद नव्हती. एकदा ते माझ्याकडं आले आणि रजिस्टर उघडून बसले. जुन्या नोंदींवर बोट ठेवत म्हणाले, ही हिनं दाखवली होती. ही पण. ही पण. बरीच पानं उलटल्यावर त्यांनी रजिस्टर मिटलं. पहिल्यांदा कुणी पाहिलं, यासाठी त्यात रकानाच नव्हता.

मग अण्णांनी जे केलं ते फक्त अण्णाच करू शकले असते. बायको खरं बोलत होती हे शाबीत करायचं, असं त्यांनी ठरवलं. गुडघ्यावर बसून, भिंग घेऊन त्यांनी ईश्वरीचं एकेक पान उलटसुलट करून अंडं शोधलं. आमच्या छपरावर चढून बघितलं. त्यानंतर खिशात टिपणवही घालून गल्लीत घरोघर फिरायला लागले. अमक्या शनिवारी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान एक मोठं काळं-पिवळं काही उडताना पाहिलं का? दूधवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, त्या दातांच्या डॉक्टरांनासुद्धा विचारलं. सगळी गल्ली हबकली. कुठं चोरी झाली असं समजून एकानं दाराला जाळी बसवून घेतली. दुसऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, अण्णांचं डोकं ठीक आहे ना? कुणीच काही पाहिलं नव्हतं.

मी एका संध्याकाळी त्यांच्याकडं शेंगदाण्याच्या चटणीची बरणी परत द्यायला गेले होते. अण्णा टिपणवही उघडून काकींना सांगत होते की बावीस घरं झाली, अजून वरची गल्ली राहिलीय, कुणीतरी सापडेलच. ते उत्साहात होते. आपण बायकोच्या बाजूनं एवढी खटपट करतोय हे तिला आवडेल, अशी त्यांची खरोखरच समजूत होती. काकी पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवले.

"माझा शब्द खरा कराय गल्लीची साक्ष लागती व्हय?" त्या म्हणाल्या. "नोकरीच्या पहिल्या वर्साला त्या गावच्या संस्थेत तुमी दुधाचा आकडा काढलासा, तर चेअरमन म्हणाला, ह्याच्या आकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही आणा. घरी येऊन दोन दिस जेवला न्हाईसा. ते इसरला, आन तीच पाळी माझ्यावर आणलीसा की."

अण्णांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. सही का आणा, ते त्या चेअरमननं बोलून दाखवलं नसणार. कांबळे हे आडनाव ऐकल्यावर त्या गावात बोलायची गरज नव्हती. म्हणजे पंचांचा हा सगळा सोपस्कार नुसता नोकरीतून आला नव्हता. कुणी मागायच्या आधी आपणच दोन सह्या पुढं ठेवायच्या, असं तो तरुण तपासनीस त्या दिवशी शिकला होता, आणि शिकलेलं आयुष्यभर पाळत आला होता. हे लक्षात आलं आणि मला हातातली बरणी कुठं ठेवावी ते कळेना. अण्णा टिपणवहीकडं बघत बसले होते. मी बरणी उंबऱ्याशी ठेवून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली. "बाई, पंच."

स्टुलावर रजिस्टर उघडं होतं. अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात ताजी नोंद होती. त्या शनिवारची तारीख. वेळ पावणेअकरा. हवा स्वच्छ. बर्डविंग. ईश्वरीच्या वेलीभोवती दोन फेऱ्या, टेकले नाही. छायाचित्र: नाही. समासात, जिथं आधी कधी काही लिहिलं नव्हतं तिथं, पाहणारीचं नाव: इंदू यशवंत कांबळे. पंचांचे दोन्ही चौकोन कोरे होते. अण्णांनी एक पेन माझ्या हातात दिलं.

मी पेन धरून उभी राहिले. तो फराटा माझ्या डोळ्यांपुढं आला. कर्दळीचं पान आलं. मी म्हटलं, "अण्णा, मी पाहिलेलं नाही. सही कशी करू?" आणि खरं सांगते, मला वाटलं की ते खूश होतील. त्यांचीच शिकवण होती ती.

"मी तरी कुठं बघितलंय?" अण्णा म्हणाले.

ते रागावले नव्हते. त्यांनी थोडा वेळ माझी वाट पाहिली, मग रजिस्टर माझ्यापुढून ओढून घेतलं आणि दुसऱ्या पेनानं दोन्ही चौकोनांवर एक सरळ आडवी रेघ मारली. परीक्षेत कोऱ्या जागेवर आम्ही मारतो तशी. पंच लागत नाहीत, असं त्या रेघेत स्पष्ट होतं. माझं पेन माझ्याच हातात राहिलं आणि मला फार लाज वाटली.

ती बर्डविंगच होती का, हे मला अजूनही माहीत नाही. त्यानंतर ती त्या बागेत कधी आली नाही. फुलपाखरांच्या ग्रुपवर ती नोंद अण्णांनी पाठवली तेव्हा फोटो नाही, पंच नाहीत म्हणून ग्रुपनं ठेवलेल्या जिल्ह्याच्या यादीत ती घेतली गेली नाही, आणि नियमानं बघितलं तर बरोबरच झालं. अण्णांनी वाद घातला नाही. पुढं वर्षभर ते होते. काकी पुन्हा बागेत भांडी घासायला लागल्या, हाका सुरू झाल्या, मला पंच म्हणून बोलावणंही चालू राहिलं. शेवटच्या आजारात मी त्यांना दवाखान्यात भेटून आले, पण ते अण्णा मला आठवत नाहीत. मला ते त्या सकाळचेच आठवतात.

रेघ मारल्यावर ते रजिस्टर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मी भिंतीपाशीच होते, दार उघडं होतं. काकी पाटावर बसून मेथी निवडत होत्या. अण्णांनी चष्मा लावला आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळी नोंद पहिल्यापासून वाचून दाखवली. तारीख, वेळ, हवा, फेऱ्या, शेवटी त्यांचं नाव. काकींनी वर पाहिलं नाही. मेथीची जुडी संपेपर्यंत त्या पानं खुडत राहिल्या.

"टाइम चुकलाय," मग त्या म्हणाल्या. "पावणेअकरा न्हाय, साडेधा."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, उभ्या उभ्याच पावणेअकरा खोडलं आणि साडेदहा लिहिलं.